स्थावर की जंगम?

सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला 'स्थावर' आणि 'जंगम' हे दोन शब्द मालमत्तेच्या विवरणपत्रातून परिचयाचे झालेले असतात. जमीन आणि घर हे स्थावर. दागिने, रोकड, वाहन हे जंगम. परंतु हे शब्द काही महसूल खात्याने घडविलेले नव्हेत. आपल्या पूर्वजांनी सबंध सृष्टीचीच वाटणी या दोन शब्दांनी केली होती. जे एके जागी उभे राहते ते स्थावर, म्हणजे वृक्ष, वेली, पर्वत. जे हिंडते-फिरते ते जंगम, म्हणजे पशू, पक्षी, मनुष्य. युरोपातील पंडितांची वनस्पती आणि प्राणी ही विभागणीही सामान्य व्यवहारात याहून फारशी निराळी नव्हती. झाड हलत नाही आणि जनावर हलते, एवढ्या खुणेवर बहुतेक प्रकरणांचा निकाल लागत असे. या सरळ हिशेबात न बसणारा एक जीव मात्र दोन हजार वर्षांहून अधिक काळ विद्वानांच्या डोळ्यांपुढे पडून होता. तो स्नानगृहात होता, चित्रकाराच्या हाताशी होता, शस्त्रवैद्याच्या पेटीत होता, आणि पुढे कचेरीत तिकिटे ओली करण्याच्या काचेच्या वाटीतही येऊन बसला. तो जीव म्हणजे स्पंज.

हल्ली कचेरीतील वाटीत जो स्पंज दिसतो तो बहुधा कारखान्यात तयार झालेला असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र स्पंज म्हटला की तो समुद्रातूनच यावयाचा. ती मऊ, सच्छिद्र, पिवळसर वस्तू म्हणजे समुद्रतळाशी राहणाऱ्या एका जीवाचा सांगाडा होय. ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सारी कथा तिच्यातूनच निघते. मनुष्याने या जीवाला युगानुयुगे वापरले, त्याचा व्यापार केला, त्याच्यासाठी प्राणही वेचले. परंतु त्याची ओळख सर्वांना होती ती त्याच्या मृतावशेषावरून. जिवंत स्पंज त्याच्या स्वतःच्या पाण्यात काय करीत असतो, हे पाहण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

प्राचीन ग्रीकांना स्पंज चांगलाच ठाऊक होता. होमरच्या महाकाव्यांत भोजनाची मेजे स्पंजाने पुसल्याचा उल्लेख सापडतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात स्पंजाची नोंद केली, आणि ती आजही कुतूहलाने वाचण्याजोगी आहे. खडकावरून स्पंज उपटून काढला आणि त्याचा थोडासा भाग मागे राहिला, तर त्यातून तो पुन्हा वाढतो, असे तो सांगतो. खोल व शांत पाण्यातील स्पंज अधिक मऊ असतो, हेही त्याला ठाऊक होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने एक वाद नमूद करून ठेवला आहे. उपटणाऱ्याची चाहूल लागताच स्पंज अंग आकसून घेतो व खडकाला घट्ट धरून बसतो, म्हणून त्याला संवेदना असावी, असे काहींचे म्हणणे होते. उत्तर ग्रीसमधील टोरोनी या गावच्या लोकांना मात्र ते मान्य नव्हते. ॲरिस्टॉटलने दोन्ही पक्ष लिहून ठेवले. हा टोरोनीचा वाद पुढे बावीस शतके अनिर्णीत राहावयाचा होता.

वास्तविक जिवंत स्पंज रोज पाहणारा एक वर्ग होता, तो म्हणजे पाणबुड्यांचा. ईजियन समुद्रातील कालिम्नोस व सिमी या खडकाळ बेटांवर शेतीला जमीन अपुरी, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी समुद्राच्या तळावरच आपली शेती मानली. सपाट, जड दगड हाती धरून पाणबुड्या एका दमात तळाशी उतरे, हाताला लागतील तेवढे स्पंज कापून घेई आणि दोराच्या आधाराने वर येई. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात या बेटांवर तांब्याचे शिरस्त्राण व रबरी पोशाख आला. वरून नळीने हवा मिळू लागल्यामुळे पाणबुड्या अधिक खोल जाऊ लागला व अधिक वेळ खाली राहू लागला. मालाची आवक वाढली. परंतु वर आलेली माणसे सांधेदुखीने तळमळू लागली, कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले, कित्येक दगावले. खोल पाण्यातील दाबाखाली श्वासावाटे घेतलेला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि माणूस झपाट्याने वर आला की त्याचे बुडबुडे होतात, हे कारण फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने इ. स. १८७८ मध्ये दाखवून दिले. सावकाश, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन याने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. या दोन सालांच्या मध्ये तीस वर्षे गेली, आणि ज्ञान ग्रंथात असूनही बेटांवरील बायका विधवा होत राहिल्या.

याच सिमी बेटाच्या पाणबुड्यांना इ. स. १९०० मध्ये अँटिकिथिरा बेटाजवळ एक प्राचीन जहाज तळाशी बुडालेले आढळले. त्यातून कांस्याच्या व संगमरवरी मूर्ती निघाल्या, आणि ग्रहगणिताचे ते दातेरी चाकांचे यंत्रही निघाले, ज्याने पुढे सर्व जगाला विस्मित केले. ते काम करताना एक पाणबुड्या मरण पावला व दोघे पंगू झाले. अथेन्सच्या संग्रहालयात ते यंत्र पाहणाऱ्याने एवढे स्मरणात ठेवावे की ते वर आणणारे हात मूळचे स्पंज कापणारे होते.

पाणबुड्यांना जिवंत स्पंजाचे रूप माहीत होते. तो काळसर कातडीचा, बुळबुळीत, जड आणि उग्र वासाचा असतो. परंतु बाजाराला हवा होता तो सांगाडा. म्हणून नौकेवर आणताच स्पंज पायांखाली तुडवीत, आतील दुधासारखा द्रव पिळून काढीत, मांसल भाग कुजवून धुऊन टाकीत, आणि राहिलेले जाळे उन्हात वाळवून पोत्यांत भरीत. लंडन व पॅरिसच्या पंडितांच्या टेबलावर जो स्पंज पोहोचे तो असा स्वच्छ, निर्गंध व निर्जीव असे. त्याचे तंतू पाहून हे एखादे समुद्री शेवाळ असावे, असे कोणालाही वाटले असते.

वर्गीकरणशास्त्राचा जनक लिनियस यालाही तसेच वाटले. त्याने १७५३ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात स्पंजाला शेवाळांच्या पंगतीस बसविले. १७५९ मध्ये पुन्हा वनस्पतींच्याच खंडात त्याची नोंद झाली. पुढे १७६७ च्या आवृत्तीत मात्र तो प्राण्यांच्या बाजूस, 'प्राणिवनस्पती' अशा दुहेरी नावाच्या गटात गेलेला दिसतो. कचेरीत एखादी फाईल या शाखेतून त्या शाखेकडे जावी आणि दोन्हीकडील शेरे तिच्यावर पडावेत, तशातला हा प्रकार होता. या बदलाच्या आधी लंडनमधील जॉन एलिस नावाच्या व्यापाऱ्याने, ज्याचा समुद्री जीवांचा अभ्यास हा छंद होता, १७६५ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. जिवंत स्पंज समुद्राच्या पाण्यात ठेवला असता त्याच्या छिद्रांतून पाणी आत-बाहेर होत असते, असे त्याने लिहिले.

पाणी आत-बाहेर होते, हे ठीक. परंतु ते कोठून आत जाते व कोठून बाहेर येते? याचे उत्तर एडिंबरोच्या रॉबर्ट एडमंड ग्रँट या वैद्याने दिले. फोर्थच्या खाडीच्या किनाऱ्यावरून त्याने स्पंजाचा एक जिवंत तुकडा आणला, काचेच्या बशीत समुद्राच्या पाण्यात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहू लागला. स्पंजाच्या मोठ्या छिद्रातून पाण्याचा एक अखंड झोत बाहेर पडत होता व त्याबरोबर बारीक कण वेगाने फेकले जात होते. झोत थांबत नव्हता, उलटत नव्हता. बाहेर पडणारे पाणी शरीरभर पसरलेल्या असंख्य सूक्ष्म रंध्रांतून आत येत होते. ग्रँटने १८२५ पासून दोन-तीन वर्षे हे निबंध प्रसिद्ध केले. त्याने स्पंजाला टोचून व डिवचूनही पाहिले, परंतु आकसण्याचे चिन्ह त्याला दिसले नाही. म्हणजे टोरोनीकरांचा पक्ष खरा ठरला. आणि तरीही स्पंज प्राणीच, हे सिद्ध झाले. त्याचे प्राणित्व हालचालीत नव्हते, पाणी ओढून त्यातील अन्न गाळून खाण्यात होते. १८३६ मध्ये ग्रँटनेच या वर्गाला 'पोरिफेरा', म्हणजे रंध्रे धारण करणारे, हे नाव दिले. त्याच्याबरोबर १८२६-२७ मध्ये समुद्रकिनारी जीव गोळा करीत हिंडणारा एक अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

आता हा प्राणी जगतो कसा ते थोडक्यात पाहू. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मेंदू व मज्जातंतूही नाहीत. सबंध देह म्हणजे एक पाणीपुरवठ्याची योजना आहे. बाहेरील रंध्रांतून पाणी शिरते, अरुंद नलिकांतून वाहत वाटोळ्या लहान कोठड्यांत येते आणि तेथून रुंद होत जाणाऱ्या मार्गांनी मोठ्या छिद्रावाटे बाहेर जाते. कोठड्यांच्या भिंतींवर विशिष्ट पेशी ओळीने बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीला चाबकासारखा एक सूक्ष्म तंतू असतो व त्याच्याभोवती सदऱ्याच्या उभ्या कॉलरसारखे एक कडे असते. चाबूक हलला की पाणी पुढे सरकते आणि त्यातील जिवाणू व अन्नकण कॉलरमध्ये अडकतात. एकेका पेशीचे बळ ते किती! परंतु अशा लक्षावधी पेशी अहोरात्र राबत असल्यामुळे काही जातींचे स्पंज एका दिवसात आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळून काढतात. देहाला आधार म्हणून कोणी चुन्याच्या, कोणी काचेच्या द्रव्याच्या सुया तयार करतो. स्नानाचा स्पंज मात्र सुया करीत नाही, केवळ 'स्पंजिन' नावाच्या लवचीक तंतूंचे जाळे विणतो. म्हणूनच तो आपल्या अंगाला बोचत नाही.

स्पंज एकदा खडकावर बसला की त्या जागेवरून सहसा हलत नाही. परंतु त्याचे पिल्लू हलते. अंगावरील सूक्ष्म केसांच्या साहाय्याने ते काही तास वा काही दिवस पाण्यात पोहते, जागा शोधते, तेथे चिकटते आणि मग जन्मभर तेथेच राहते. ही पिल्लेही ग्रँटने पाहिली होती. स्थावर आणि जंगम या दोन अवस्था एकाच आयुष्यात, आणि जंगमावस्था बालपणात! आपल्या नोकरीत याच्या नेमका उलट क्रम असतो, हे बदलीच्या हुकुमांनी गाव सोडलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. अशा तऱ्हेने स्पंजांनी सर्व समुद्र वसविले आहेत. उष्ण कटिबंधातील प्रवाळांच्या कपारींत ते आहेत, अंटार्क्टिकाच्या हिमाखालील पाण्यात आहेत, भरती-ओहोटीच्या खडकांवर आहेत, आणि आठ हजार मीटरांहून खोल अशा काळोखातही आहेत. काही जाती शिंपल्यांचे कवच पोखरून त्यातच घर करतात. आजवर नऊ हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांतील अडीचशेच्या आसपास जाती समुद्र सोडून नद्या, सरोवरे आणि तळी यांच्या गोड्या पाण्यात येऊन राहिल्या, आणि येथेच या कथेचा एक धागा मुंबईला येऊन मिळतो.

हेन्री जॉन कार्टर हा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बडली सॉल्टर्टन या समुद्रकाठच्या गावी १८१३ मध्ये जन्मला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात साहाय्यक शस्त्रवैद्य म्हणून रुजू झाला. १८४४ ते १८४६ या काळात 'पॅलिन्युरस' या जहाजावर तो अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याच्या पाहणीत होता. त्यानंतर त्याचे वास्तव्य मुंबईस झाले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा तो चिटणीस झाला आणि पश्चिम भारताच्या भूगर्भरचनेविषयीचे निबंध एकत्र करून त्याने १८५७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची नोकरी परक्या राज्यकर्त्यांची होती, हे विसरता येत नाही. परंतु नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात त्याने जे पाहिले ते कोणत्याही राज्याच्या मालकीचे नव्हते.

तेव्हाची मुंबई तलावांची होती. विहारचे पाणी नळाने शहरात येण्यास १८६० साल उजाडावयाचे होते. तोपर्यंत बेटावरील लोक तलाव व विहिरी यांचेच पाणी पीत. पावसाळ्यात काठोकाठ भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या या तळ्यांत, भिंतींच्या दगडांवर व पाण्यातील काटक्यांवर, कार्टरला करड्या व हिरवट रंगाचे गोळे चिकटलेले दिसले. कोणास ते शेवाळ वाटले असते. ते गोड्या पाण्यातील स्पंज होते. १८४७ च्या सुमारास त्याने त्यांवर पहिला निबंध लिहिला. मुंबईच्या तलावांतील स्पंजांच्या जाती, त्यांची रचना आणि त्यांचे 'प्राणित्व' हाच त्याचा विषय होता. १८४९ मध्ये सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले व त्यात अनेक जाती शास्त्राला नव्याने ज्ञात झाल्या.

कार्टरचे वैशिष्ट्य असे की त्याने स्पंज घरी आणून जिवंत ठेवला व धीराने न्याहाळला. स्पंजाचा बारीक तुकडा फाडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता त्याच्या पेशी सुट्या होतात आणि अमीबाप्रमाणे आकार बदलीत काचेवर सरपटू लागतात, हे त्याने पाहिले. म्हणजे जो देह समग्रपणे स्थावर, त्याचा कण न् कण जंगम होता. तलाव आटू लागला की स्पंज मरतो, परंतु त्याच्या सांगाड्यात खसखशीएवढे वाटोळे, कठीण आवरणाचे दाणे मागे राहतात. ते बीजासारखे दाणे अनुकूल पाणी मिळताच पुन्हा रुजतात व त्यांतून नवा स्पंज वाढतो, या क्रमाचे त्याने वर्णन केले. आपला देश ज्या ऋतुचक्राने बांधलेला आहे त्याच्याशी हा जीव किती जुळून गेला आहे, हे यावरून कळते. समुद्रातील बहुतेक स्पंजांना अशा दाण्यांची गरज पडत नाही, कारण समुद्र आटत नाही. तलावात येऊन राहिलेल्याला मात्र ज्येष्ठाच्या तापातून आषाढापर्यंत तग धरण्याची सोय करावीच लागली.

१८५७ च्या निबंधात कार्टरने चाबूकधारी पेशींच्या त्या वाटोळ्या कोठड्यांचे वर्णन करून त्यांना स्वतंत्र नाव दिले. १८५९ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. निवृत्तीनंतर तो आपल्या जन्मगावी परतला आणि उरलेले आयुष्य त्याने जगभरच्या समुद्रांतून आलेल्या स्पंजांच्या अभ्यासात घालविले. १८७२ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे रॉयल पदक मिळाले. १८९५ मध्ये तो वारला, तेव्हा स्पंजांच्या जगातील तो एक प्रमुख अधिकारी मानला जात होता. समुद्रकाठी जन्मलेल्या या माणसाला समुद्री जीवांची वाट सापडली ती मुंबईच्या तळ्यांतून, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. भारतातील तलावांत विपुल आढळणारी एक जात आजही 'कार्टेरी' या नावाने ओळखली जाते.

त्याचे काम पुढे इतरांनी चालविले. १८६६ पासून अमेरिकन शास्त्रज्ञ हेन्री जेम्स-क्लार्क याने दाखविले की स्पंजाच्या कॉलरधारी पेशी आणि पाण्यात स्वतंत्रपणे राहणारे काही एकपेशीय जीव यांचे रूप अगदी सारखे आहे. आजच्या आनुवंशिक संशोधनानेही तेच एकपेशीय जीव सर्व प्राण्यांचे निकटतम आप्त असल्याचे दर्शविले आहे. म्हणजे आपल्या सर्वांच्या कुळाचा आरंभ शोधू गेल्यास वाट याच कॉलरपाशी येते. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन याने नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी पूर्णपणे विखुरल्या. त्या सरपटत एकमेकींना येऊन मिळाल्या आणि त्यांच्यातून पुन्हा स्पंज उभा राहिला. इकडे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ मध्ये भारतातील गोड्या पाण्याच्या स्पंजांवर ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. म्युझियमच्या आवारातील तळ्यातही त्यांचे स्पंज होते. पुढे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक झाले.

टोरोनीचा वाद मात्र ग्रँटपाशीच मिटला असे नाही. अलीकडे स्पंजांची छायाचित्रे ठरावीक अंतराने घेऊन ती वेगाने दाखविली असता असे दिसून आले की गोड्या पाण्यातील काही स्पंज अंग फुगवून पुन्हा आकसतात आणि नलिकांत अडकलेला गाळ बाहेर टाकतात. एका अर्थी ती शिंकच होय. परंतु ही शिंक पुरी होण्यास अर्धा-पाऊण तासही लागतो. म्हणजे आकसतो म्हणणारेही खोटे नव्हते आणि नाही म्हणणारेही नव्हते. दोघांच्या घड्याळांपेक्षा स्पंजाचे घड्याळ निराळे होते, एवढेच. स्पंज केवळ पाणी गाळतो, या समजालाही १९९५ मध्ये धक्का बसला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका जलमग्न गुहेत असा स्पंज आढळला की जो आपल्या तंतूंवरील आकड्यांनी लहान कवचधारी प्राणी पकडून खातो. १९८७ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ काचेच्या सांगाड्याच्या स्पंजांचे विस्तीर्ण खडक सापडले. असे खडक डायनोसॉरांच्या युगाबरोबर नामशेष झाले, असा तोवर समज होता. तळ खरवडत जाणाऱ्या मासेमारीच्या जाळ्यांनी त्यांचे काही भाग आधीच मोडून टाकले होते. २०१७ मध्ये त्या प्रदेशाला संरक्षण देण्यात आले.

मनुष्याच्या हाती या जीवाने आणखी एक दान टाकले आहे. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमान या रसायनशास्त्रज्ञाला फ्लोरिडाच्या समुद्रातील एका स्पंजात काही अपूर्व द्रव्ये सापडली. त्यांच्या रचनेवरून पुढे प्रयोगशाळेत 'सायटाराबिन' हे औषध तयार झाले. १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. जागेवरून पळता न येणाऱ्या प्राण्याने आपल्या बचावासाठी अंगात विविध रसायने साठविली, आणि त्यांतील एक आपल्या रुग्णालयांपर्यंत येऊन पोहोचले. उलट, स्पंजावर संकट आले तेव्हा त्याला पळताही आले नाही. १९३८-३९ मध्ये बहामा बेटे व आसपासच्या समुद्रात पसरलेल्या रोगाने व्यापारी स्पंज इतके मेले की तेथील हजारो कुटुंबांचा धंदाच बसला. १९८६ नंतर भूमध्य समुद्रातही तशीच साथ आली. कारखान्यातील स्पंजाने तोवर बाजार व्यापला होता, म्हणून गिऱ्हाइकाला त्याची झळ लागली नाही. कचेरीतील वाटी कोठेच कोरडी पडली नाही.

आणि मुंबईचे तलाव? विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांचा बंदोबस्त करण्यासाठी शहरातील कितीतरी तळी व विहिरी बुजविण्यात आल्या. माणसांचे प्राण वाचविण्यासाठी ते करणे भाग होते, त्यास दोष देता येणार नाही. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही आज केवळ नावे उरली आहेत. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात 'छोडो भारत'च्या ठरावासाठी गोवालिया टँकवर लोक जमले ते मैदानातच. ज्या पाण्यावरून कार्टरने आपल्या नव्या जाती वर्णिल्या त्यांतील बरेचसे आज रस्त्यांच्या व इमारतींच्या खाली आहे. त्या जातींपैकी काही देशात इतरत्र आढळतात, ही गोष्ट समाधानाची खरी. परंतु शास्त्रात ज्या गावाच्या नावाने त्यांची पहिली नोंद झाली, तेथील रहिवाशालाच ती वार्ता नसावी, हे खटकते. आपल्याकडे गडांचा इतिहास लिहिला गेला, घराण्यांचा लिहिला गेला. तळ्यांचा इतिहास लिहावयाचा राहूनच गेला.

वर आलेल्या नावांकडे पाहिले असता एक गोष्ट जाणवते. एलिस व्यापारी होता, ग्रँट वैद्य होता, कार्टर सैन्याच्या नोकरीतील शस्त्रवैद्य. स्पंजाचा अभ्यास करावा, असा हुकूम यांपैकी कोणासही कोणी दिलेला नव्हता. ज्या ठिकाणी आयुष्याने नेऊन सोडले तेथील पाण्यात त्यांनी डोकावून पाहिले, आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आपणांपैकी अनेकांची नेमणूक आज जबलपूर, भोपाळ, हैदराबाद, कलकत्ता यांसारख्या नगरांत आहे, आणि त्या नगरांत अद्याप तलाव शिल्लक आहेत. पावसाळा सरल्यावर पाणी निवळते. त्या सुमारास घाटाच्या पायरीखालच्या विटेवर किंवा पाण्यात पडलेल्या फांदीवर एखादा करडा, खरखरीत गोळा चिकटलेला दिसला तर त्याला शेवाळ समजून पुढे जाऊ नये. खाली बसून पाहावे. त्याच्या अंगावर बारीक छिद्रे असतील, आणि त्यांतून पाणी चाललेले असेल.